अठरा सोमवार

सोमवारी पहाटे पावणेसहाची लाँच.
एवारिस्तो पुढच्या फळीवर, बाही आधीच वर सारलेली,
मी मागे, बटाट्याच्या पोत्यांशेजारी.
चिलोएच्या काठावरची घरं लाकडी खांबांवर,
पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी.

कास्त्रोच्या दवाखान्यात नर्स येर्मिना
त्याच्या दंडाला रबर बांधते, वारा कसा होता विचारते,
आणि एक नळी भरून घेते.
मग आम्ही बाकावर.
पांढऱ्या पेशी मोजून येईपर्यंत
गोळ्या काचेआड.
आकडा बरा असला तर एक आठवडा मिळतो.
नसला तर क्लोझापिन बंद,
आणि ते बंद झालं की बाबा परत येतात.

बाबा म्हणजे बाबा नव्हेत.
ते बुडाले त्याला एकवीस वर्षं झाली.
पण एवारिस्तोच्या डाव्या कानाशी
ते खालून बोलायचे :
दोर सोड. दार लावू नकोस.
बहिणीनं सूपात काय घातलंय, बघ.

दोन औषधं आधीच हरली होती.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आम्ही शेवटी काढतो,
हे देताना आम्हीही जरा जपूनच असतो.
साडेबारा मिलिग्रॅमपासून सुरुवात,
कठडा नसलेला जिना चढावा तसं
एकेक पाऊल, भिंत धरून.

फ्रिजवर मी कागद चिकटवला :
ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना.
घसा दुखला, तर त्याच दिवशी.
धडधड, दम, छातीत दुखणं, तर त्याच क्षणी.
पोट साफ होत नसेल तर लाजू नका, सांगा.
दोन दिवस गोळी चुकली
तर जुना डोस आपल्या मनानं देऊ नका,
पुन्हा पहिल्या पायरीपासून.
शेजारची क्लोरिंदा वाचून म्हणाली,
बाई, तान्ह्या बाळालाही एवढं लागत नाही.

रात्री लाळेनं उशी भिजायची. मी टॉवेल घालायचे.
पट्ट्याला त्यानं खिळ्यानं नवी भोकं पाडली.
आणि दहाव्या आठवड्यात, जेवता जेवता, चमचा तसाच धरून :
"आज नुसता समुद्रच वाजतोय."
मी उठून उगाच भांडी घासत बसले.

तेराव्या आठवड्यात त्यानं सिगारेट सोडली.
दिवसाला तीस. एका झटक्यात.
मी बटाट्याच्या पोळ्या तळल्या, क्लोरिंदाला बोलावलं.
दवाखान्याला कळवायचं सुचलंच नाही,
चांगली बातमी कोण कळवतं दवाखान्याला?

सातव्या दिवशी त्याची जीभ जड.
जमिनीवरही तो नावेत असल्यासारखा चालायचा.
मग लाँचवरच झटका आला,
नावाडी अबेलिनोनं त्याला कुशीवर वळवलं,
डोक्याखाली स्वतःची लोकरी टोपी सरकवली.

पेशी बऱ्या होत्या. सगळे पेशीच बघत होते.
येर्मिनानं त्याचं जाकीट खुंटीला लावताना
मध्येच नाकाशी धरलं.
"तंबाखूचा वास कुठे गेला?"
मी अभिमानानं सांगितलं.
ती आतल्या खोलीकडे धावलीच.

धूर औषधाला झिजवत होता म्हणे, इतकी वर्षं.
धूर गेला, औषध अंगात साठत राहिलं.
त्याच्या वाईट सवयीच्या मापानं
आम्ही त्याचा डोस शिवला होता.

डोस उतरला. चालणं परतलं.
कागदावर खाली, तिरक्या अक्षरात, मी लिहिलं :
सिगारेट सोडली किंवा धरली, आधी फोन.

अठराव्या सोमवारनंतर नळी कमी वेळा, लांबच्या तारखांना.
पण पुढच्याच सोमवारी पावणेसहाला
तो उठून बसलेला, बाही वर.
आज नाही रे, मी म्हटलं.
तरी आम्ही धक्क्यावर गेलो.
लाँच आमच्याविना सुटली.
बराच वेळ त्यानं डावा कान पाण्याकडे धरला.
"तुला यायचे का कधी ऐकू?"
नाही.
"मग आता कुणालाच नाही," तो म्हणाला,
आणि बाही खाली ओढून
मनगटाचं बटण लावलं.